हुग्गी शिजेपर्यंत

थर्मल कुकर मी घेतला होता जंगलासाठी. लातूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दर हिवाळ्यात पोरापोरींना घेऊन किनवटच्या बाजूला तंबू ठोकून राहते. तिथं दिवसभर झाडांमागे हिंडायचं, मग स्वयंपाक करणार कोण? म्हणून हा कुकर. दिसायला मोठ्या बरणीसारखा. आत स्टीलचं भांडं, बाहेर दुहेरी भिंतीचा जाड डबा. सकाळी छोट्या गॅसवर डाळतांदळाला चांगली उकळी आणायची, भांडं तसंच उकळतं डब्यात ठेवायचं, झाकण दाबून लावायचं आणि निघायचं. खाली आग नाही, वायर नाही. आतल्या उष्णतेवर ते आपलं आपण शिजत राहतं. दुपारी कुठल्याही झाडाखाली बसून उघडलं की वाफाळती खिचडी. अट एकच, मधे उघडायचं नाही. पोरांना धीर नसतो. "मॅडम, झालं का बघू?" म्हणत कुणीतरी झाकणाला हात घालायचंच, आणि मग मी अशी ओरडायचे की झाडावरची माकडंसुद्धा गप्प व्हायची.

पुढं हाच कुकर आईच्या नाकात नळी जाऊ नये म्हणून उराशी धरून फिरावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसले असते.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. आम्ही उदगीरचे लिंगायत. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी. वडील गेल्यावर अव्वा उदगीरला एकटीच राहायची आणि तिचं चांगलं चाललं होतं. मग ती गॅस चालू ठेवून देवळात जायला लागली. शेजारणीला आपली धाकटी बहीण समजायला लागली. तिला लातूरला माझ्याकडे आणलं. मी लग्न केलेलं नाही. भाऊ पुण्याला असतो आणि तिथून फोनवर सल्ले देतो. म्हणजे घरात आम्ही दोघीच.

विसरली तर विसरली, म्हातारपणी माणसं विसरतात, एवढं मला कळतं. पण अव्वा जेवेना. महिन्याभरात तिच्या दंडावरचं कातडं लोंबायला लागलं. आंघोळ घालताना पाठीचे मणके हाताला लागायचे. डॉक्टरांनी वजन केलं, मागचा आकडा बघितला आणि म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी म्हटलं, ती उपसून काढेल. ते म्हणाले, मग हात बांधावे लागतील. जी बाई आयुष्यात कुणाच्या हातचं पाणी विचारल्याशिवाय प्याली नाही, तिचे हात पलंगाला बांधायचे आणि नाकातून भाताची पेज सोडायची!

ती जेवत का नव्हती, हे कळायलाच मला बरेच दिवस लागले. अव्वाचा नेम होता. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग, म्हणजे लिंगायत जन्मभर अंगावर बाळगतात ते छोटं लिंग, सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं, त्याच्याकडं बघत गप्प बसायचं, मग ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. पूजा झाल्याशिवाय जेवण नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्यापासून हा नेम एकदाही मोडला नव्हता. आता ती पूजा करायची, लिंग परत कापडात बांधून गळ्यात घालायची, मी भाकरी टाकायला आत जायचे, आणि ताट घेऊन बाहेर येईपर्यंत तिला पूजा झाल्याचं आठवत नसायचं.

"बेडा," ती ताट सरकवायची. बेडा म्हणजे नको. "माझी पूजा व्हायची हाय अजून."

"अव्वा, झाली की आत्ताच. विभूती बघ कपाळाला."

ती पदरानं कपाळ पुसायची आणि पदराकडं बघायची. तरी तिला वाटायचं मी फसवतेय. पुन्हा पाणी, पुन्हा बेल. तोवर भाकरी गार. गार अन्न म्हणजे शिळं, आणि शिळं ती खात नसे. मी पुन्हा तवा ठेवायचे. एकेका सकाळी असं तीनतीनदा व्हायचं, मग ती दमून झोपायची, उपाशीच. माझं डोकं फिरायचं. मी तिच्यावर ओरडलेसुद्धा. ओरडून भूक लागत नाही.

एक दिवस माळ्यावरून तंबूचं सामान काढताना कुकर हाताला लागला आणि डोक्यात प्रकाश पडला. पूजा आणि ताट यांच्यामधला वेळच नाहीसा करायचा! पहाटे मुगाची खिचडी उकळून कुकरमध्ये ठेवली. अव्वा पूजेला बसली तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले, एका बाजूला कुकर, मांडीवर ताट, हातात तूप. तिनं लिंग गळ्यात घातलं, मान वर केली, आणि त्याच क्षणी तिच्यापुढं वाफ येणारी खिचडी. तिनं हात जोडले आणि घास घेतला. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

हे सुख काही आठवडे टिकलं. मग एका सकाळी ती लिंग गळ्यात घालून झाल्यावर ताटाकडं न बघता भिंतींकडं बघायला लागली. म्हणाली, "हे घर कुणाचं हाय? परक्याच्या घरी मी जेवत न्हाई. मला माझ्या घरी सोडा."

घर म्हणजे उदगीर असेल म्हणून तिला गाडीत घातलं आणि उदगीरला नेलं. तिथं आता भाडेकरू राहतात. बिचाऱ्यांनी आदरानं आत बोलावलं, चटई टाकली. अव्वा दारातच उभी राहिली, ज्या उंबऱ्यावर तिनं चाळीस वर्षं हळदकुंकू वाहिलं त्याच्याकडं बघत, आणि म्हणाली, "हे बी न्हाई." येताना नळेगावच्या अलीकडं एका चिंचेखाली गाडी थांबवली, कारण मला पुढचं दिसत नव्हतं इतकं रडू येत होतं. कुकर मागच्या सीटवर होताच. सतरंजी टाकली, बाटलीतलं पाणी दिलं. अव्वानं शांतपणे पूजा केली आणि शांतपणे जेवली. का, ते मला तिथंच कळलं. चिंचेखाली कुणाचं घर नव्हतं.

मग सुरू झालं आमचं हिंडणं. मी कॉलेजला सुट्टी टाकली. रोज सकाळी कुकर भरायचा, अव्वाला पुढच्या सीटवर बसवायचं आणि निघायचं. कधी अहमदपूर, कधी लोहा, कधी थेट नांदेडच्या अलीकडं गोदावरीच्या काठापर्यंत. लोक सहलीला जातात, मी आईला दोन घास घालायला जिल्हा ओलांडत होते. रस्त्याकडेची झाडं मला आजवर त्यांच्या लॅटिन नावांनी ठाऊक होती. आता कुठल्या झाडाची सावली सकाळी जाड असते, कुठल्या झाडाखाली ढाब्याच्या मटणाचा वास येत नाही, हे पाठ झालं. गाडी हलायची तशी मागं कुकर डुगडुगायचा आणि माझा जीव त्याच्या झाकणात अडकलेला असायचा. कारण एकदा उघडलं आणि तिनं नको म्हटलं, की पुन्हा झाकलं तरी पहिली ऊब येत नाही. त्यामुळं उघडायची घाई चालत नव्हती आणि उशीरही चालत नव्हता. भाऊ फोनवर म्हणाला, "तू तिला अशी फरफटवू नकोस. घालून टाक नळी, सगळे घालतात." मी म्हटलं, "तू ये, तिचे हात धर, मग घालू." त्यावर त्याला दुसरा फोन आला.

मग हेही बिनसलं. अव्वा मला अहोजाहो करायला लागली. "बाई, तुम्ही कुठल्या?" "बाई, तुमची गाडी लई चांगली हाय." एवढ्या अदबीनं की मला गाडीतून उडी मारावीशी वाटायची. ती झाडाखाली पूजा करायची, पण ताट पुढं आलं की हात मागं घ्यायची. पूजा झाल्याचं तिला आठवत होतं, घर परकं नव्हतं, अन्न ऊन होतं, तरी नाही. दोन दिवसांत तीर्थाशिवाय तिच्या पोटात काही गेलं नाही. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, सोमवारी भरती करा, आता थांबता येणार नाही.

शनिवार होता. माझ्याकडं एकच युक्ती उरली होती, ती म्हणजे हुग्गी. आमच्याकडं सणाला करतात ती गव्हाची खीर. गहू भिजवायचे, कांडून साल काढायची, तासन्‌तास शिजवायचे, गूळ घालून पुन्हा शिजवायचे, मग सुंठ, बडीशेप, खोबरं. अव्वाच्या हातच्या हुग्गीसाठी लोक निलंग्याहून यायचे. ती स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर भांड्याला लागलेली खायची आणि म्हणायची, खरी चव हीच. मी ठरवलं, हुग्गी करायची, आणि माझ्या ओळखीची, कुणाचं घर नसलेली सगळ्यात लांबची जागा गाठायची. गहू रात्रीच भिजत घातले होते. कांडायला उखळ कुठून आणू, मिक्सरवर जरा फिरवून घेतले. अव्वानं बघितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं. गव्हाला कडकडून उकळी दिली, कुकर बंद केला, तंबू डिकीत टाकला आणि नांदेड, भोकर, हिमायतनगर करत इस्लापूर गाठलं.

सहस्रकुंडाच्या अलीकडं एका शेतात मी दर वर्षी पोरांचे तंबू लावते. शेतकरी नवराबायको चांगले आहेत. शेतातली कपाशी वेचून झाली होती, बांधावर मोह आणि पळस, लांबून धबधब्याचा आवाज. मी तंबू ठोकला, अव्वाला आत गादीवर बसवलं. छोटा गॅस पेटवून गव्हांत गूळ आणि सुंठ घातली, पुन्हा उकळी आणली आणि भांडं परत डब्यात. गूळ घालायच्या आधीच गहू बोटानं चेपून बघितले होते, मऊ झाले होते. अजून थोडा वेळ, मग अव्वाची आंघोळ, पूजा आणि ताट. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी तोंडात काहीतरी सतत चाललं होतं.

शेतकऱ्याची बायको गरम भाकर आणि पातळ वरण घेऊन आली. अव्वाच्या हातांकडं बघून तिचा चेहराच उतरला. "ताई, आई काऊन जेवून नाही राहिल्या? लई वाळल्या हो. घ्या आई, घासभर घ्या."

अव्वा तिच्याकडं बघून गोड हसली. तिच्या गळ्याकडं बघितलं, काळे मणी होते, दुसरं काही नव्हतं. मग हात जोडून म्हणाली, "रागावू नका बाई. लिंग न्हाई त्याच्या हातचं मी घेत न्हाई. आमचा नेम हाय."

मी तंबूच्या दोऱ्या ताणत होते. माझे हात थांबले.

माझ्या गळ्यात लिंग नाही. कॉलेजात असताना काढलं ते काढलंच. माझा विश्वास नव्हता, मग उगीच कशाला मिरवायचं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही तसंच वाटतं. त्यानंतर तीस वर्षं मी उदगीरला गेले की स्वयंपाक करायचे आणि अव्वा माझ्या हातचं जेवायची. ती त्यावर एका शब्दानं कधी बोलली नाही. माझी समजूत होती की तिच्या ध्यानातच आलं नाही, किंवा आलं असलं तरी सवय झाली. आता मला गेले दोन दिवस दिसले. ताट पुढं करणारी मी आणि माझ्या उघड्या गळ्याकडं बघून हात मागं घेणारी ती. नेम तिला पाठ होता. मी पाठ नव्हते.

करायचं काय? खरं लिंग आणायचं तर स्वामींकडं जाऊन दीक्षा घ्यायला हवी, ते असं दुकानातून घेता येत नाही. दुसऱ्याचं उसनं चालत नाही. आणि सोमवार परवावर आलेला. मी नदीच्या वाटेवर गेले. एक गुळगुळीत काळा खडा उचलला. गहू बांधून ठेवलेल्या पांढऱ्या पंच्याचा तुकडा फाडला, खडा त्यात गुंडाळला, तंबूच्या सामानातला दोरा ओवला आणि गळ्यात घातला. दुसऱ्याचं लिंग कुणी सोडून बघत नाही, हे मला ठाऊक होतं. शेतकऱ्याची बायको बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे, तिनं मान वळवली आणि भाकर झाकून ठेवली.

अव्वाची आंघोळ झाली. विभूती, पाणी, बेल. तिची मान झुकलेली होती आणि ओठ हलत होते. मी शेजारी बसले, ब्लाउजमधून ती पुडी मुद्दाम वर ओढून घेतली. घाईत तूप ताटाबाहेर सांडलं. तिनं लिंग गळ्यात घातलं, आणि मी झाकण उघडलं. गुळाचा, सुंठेचा, शिजलेल्या गव्हाचा वास तंबूभर झाला. गहू फुलून आले होते, एकेक दाणा डोळा उघडल्यासारखा. मी ताट पुढं केलं.

तिनं आधी माझ्या गळ्याकडं बघितलं. मग ताटाकडं. मग दोन्ही हात ताटाला लावून नमस्कार केला आणि बोटांनी हुग्गी तोंडात घातली.

ती खात गेली. मी मोजत नव्हते, बघतही नव्हते, बघितलं तर थांबेल असं वाटत होतं. तिनं पुन्हा वाढायला सांगितलं. अगदी शेवटी तिनं ताटात थोडं पाणी घेतलं, बोटांनी ताट निपटून धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. आमच्यात जुनी माणसं असंच करतात, प्रसादाचा कण वाया घालवत नाहीत. मला वाटलं, वाचली. माझी आई वाचली. मी तिचे पाय धरले.

तिनं पाय मागं घेतले. "अगं बाई, हे काय?" म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून माझ्याजवळ सरकली आणि घरातलं गुपित सांगावं तसं हळू आवाजात बोलायला लागली.

"हुग्गी बेस झाली बघा. तुम्ही लिंगवंत आहात, म्हणून घेतली. एक सांगू का, माझी लेक हाय ना, ती बांधत न्हाई. लिंग काढून टाकलंय तिनं. तिला वाटतं मला ठाव न्हाई." ती हसली. "तिच्या हातचं मी खाते. नेम मोडते तिच्यापुरता. देवाला सांगून ठेवलंय, हिच्यापुरतं सोड म्हणून. कुणाला बोलू नका."

"न्हाई बोलणार," मी म्हटलं.

"ती कधी यायची?"

मी गळ्यातला दोरा तोडला. "अव्वा, मीच ती. बघ ना. गळ्यात काही न्हाई बघ माझ्या." मी तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला. तिची बोटं अजून ओली होती. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, माणूस दुकानात चुकून दुसऱ्याची पिशवी हातात आली की बघतो तसं. मग तिनं हात काढून घेतला आणि ताट माझ्यापासून जरा लांब सरकवलं.

संध्याकाळी उरलेली हुग्गी मी तशीच, उघड्या गळ्यानं तिच्यापुढं ठेवली. तिनं हात जोडले आणि बेडा म्हणाली. मी बाहेर गेले, दोऱ्याला गाठ मारली, गळ्यात घालून आत आले. ती जेवली.

सोमवारी डॉक्टरांनी वजन केलं आणि नळीचं पुढं ढकललं. नंतर बघू म्हणाले, आणि अजून ते नंतर आलेलं नाही. मी तो खडा रोज बांधते. सुट्टी संपली, आता कॉलेजातही तसाच असतो, काढायला भीती वाटते. गावाबाहेरच्या झाडाखाली अव्वा पोटभर जेवते, ताट धुऊन पाणी पिते, माझे आभार मानते आणि रोज विचारते, माझी लेक कधी यायची.